मरणानंतर राणी झालेली शिनुई

कोरियातल्या जोसॉन घराण्याच्या वंशावळीत संस्थापक थेजोची थोरली राणी म्हणून शिनुईचं नाव येतं. त्यावरून घराण्याची पहिली राणी तीच, असं अनेकजण धरून चालतात. पण हान कुळातली ही बाई हयातीत राणी झालीच नाही. ती १३९१ मध्ये वारली आणि तिचा नवरा, सेनापती यी सोंगग्ये, थेजो म्हणून गादीवर बसला १३९२ मध्ये.

राणी म्हणून गादीशेजारी बसली ती दुसरी पत्नी गांग. ही गांग रखेल होती, हा समज तर आणखी चुकीचा. जोसॉनच्या आधीच्या गोर्यो राजवटीच्या अखेरीस बड्या सरदारांची एक बायको गावाकडे, एक राजधानीत असे, आणि दोघीही रीतसर पत्नी. हान गावाकडची. १३८८ मध्ये सोंगग्येने राजाज्ञा मोडून फौज माघारी वळवली, तेव्हा सूडाच्या भीतीने हानचा मुलगा बांगवॉन आई आणि सावत्र आई दोघींनाही पोचॉनहून घेऊन निसटला होता.

याच बांगवॉनला पुढे डावललं गेलं. हानला सहा मुलगे होते, तरी युवराज ठरला गांगचा धाकटा. १३९८ मध्ये बांगवॉनने बंड केलं, दोन्ही सावत्र भाऊ मारले गेले. हानचा दुसरा मुलगा राजा झाला आणि त्याच वर्षी मृत आईला ‘शिनुई राणी’ हे पद मिळालं. ही निव्वळ मातृभक्ती होती, असं मला वाटत नाही. आई राणी ठरली की मुलांचा गादीवरचा हक्क पक्का होत होता.

गांगचं काय झालं, हे सांगितल्याशिवाय या सन्मानाची किंमत कळत नाही. बांगवॉन राजा झाल्यावर तिची समाधी राजधानीबाहेर हलवली गेली आणि तिथले कोरीव दगड ग्वांगथोंग पुलाला लावले गेले. सोलमध्ये ते आजही दिसतात. १४१० मध्ये जोंगम्यो या राजपूर्वजांच्या मंदिरात थेजोबरोबर शिनुईची स्मृतिपट्टिका बसली. गांगला तिथे जागा मिळायला १६६९ उजाडलं.

शिनुईचं पद मात्र वाढतच गेलं. १८९९ मध्ये सम्राट गोजोंगने तिला सम्राज्ञी केलं.

जोसॉनच्या सगळ्या राजसमाध्या जागतिक वारसा यादीत आहेत, असंही सांगितलं जातं. २००९ मध्ये युनेस्कोने नोंदवल्या त्या दक्षिण कोरियातल्या ४०. शिनुईची समाधी उत्तर कोरियात, केसोंगजवळ असल्याने त्यांत नाही.