पत्ता बरोबर, दार चुकले

भोरच्या बाजारपेठेत असो की तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात, रुग्णवाहिका हवी असली की आपण १०८ फिरवतो. क्रमांक कोणाला विचारावा लागत नाही, कारण तो आधीच ठरलेला आहे. संगणकांच्या जाळ्यातही असे ठरलेले क्रमांक असतात. ते ठाऊक नसले तर व्यवस्थित चालणारा सर्व्हरही बंद पडल्यासारखा वाटतो.

समजा, डोंगराच्या आडोशाला, रेंज नसलेल्या एका शाळेत आपण एका संगणकावर 'कोलिब्री' बसवले. धडे आणि चित्रफिती त्या संगणकातच साठवलेल्या असल्यामुळे इंटरनेट लागत नाही. मुले शाळेच्या वायफायवरून त्याचा पत्ता टाइप करतात: १९२.१६८.१.१०. पान उघडत नाही. वायर ठीक, राउटरही ठीक. मग चुकले कोठे?

पत्त्याने आपण संगणकापर्यंत पोहोचतो. पण त्या एका संगणकावर अनेक प्रोग्रॅम बाहेरून येणाऱ्या मागण्यांची वाट पाहत असतात. कोणती मागणी कोणाकडे जायची, हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. या क्रमांकासाठी १६ बिट असतात, म्हणून तो ० ते ६५५३५ यांमधला असतो. आपण क्रमांक दिला नाही, तर ब्राउझर साध्या एचटीटीपीसाठी ८० आणि सुरक्षित एचटीटीपीएससाठी ४४३ गृहीत धरतो. कोलिब्री मात्र मुळात ८०८० वर बसते. तेव्हा पत्त्यानंतर अपूर्णविराम देऊन तो क्रमांक लिहायला हवा: एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:८०८०. (१०८ चा दाखला येथे अपुरा पडतो. तो फोन ठरावीक नियंत्रण कक्षात जातो; ८० क्रमांकाचे दार प्रत्येक संगणकाला आपापले असते.)

मग कोलिब्रीने सरळ ८० च का घेतला नाही? पूर्वी एकाच युनिक्स यंत्रावर अनेक जण काम करीत. त्यांपैकी कोणी खोटी सेवा थाटून इतरांचे संकेतशब्द गोळा करू नयेत, म्हणून १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त व्यवस्थापकाला उघडता येत. लिनक्सवर मुळात आजही तसेच आहे. बाकीच्यांना वरचा क्रमांक घ्यावा लागतो; ८० ची आठवण देणारे ८००० आणि ८०८० असे रूढ झाले.

१९९५ साली फिनलंडच्या तातु युलोनेन यांनी 'एसएसएच' लिहिले. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३, यांच्या मधला २२ मोकळा होता. त्यांनी तो मागितला आणि त्यांना तो मिळाला!

वर्गात करून पाहायचे असेल, तर लिनक्सच्या संगणकावर पायथॉनसोबत मिळणारा छोटा वेब सर्व्हर सुरू करावा. काही न सांगता तो ८००० घेतो. तो चालू असतानाच दुसऱ्या खिडकीतून तसाच आणखी एक सुरू करावा. पत्ता आधीच वापरात आहे, अशी तक्रार करून तो थांबतो. आता त्याला ८००१ देऊन पाहा.