चक्रीवादळाचे पाणी आणि आपली विहीर

"डॉक्टरसाब, समिंदर कुठं अन् आपली देवणी कुठं? तिथल्या वादळानं आपलं सोयाबीन कसं काय बुडालं?" हा प्रश्न दवाखान्यात मला पुष्कळांनी विचारला आहे. प्रश्न हवामानाचा आहे, हे खरे. पण त्याचे उत्तर समजले की अतिवृष्टीनंतरच्या पंधरा-वीस दिवसांत आपल्याकडे आजार का वाढतात, हेही समजते. म्हणून आज थोडे वादळाविषयी आणि जास्त आजारांविषयी.

चक्रीवादळ उष्णतेवर चालते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि ही ऊब पन्नासेक मीटर खोलपर्यंत असली, की पाण्याची भरपूर वाफ होते व दमट हवा वर चढते. उंचावर गेल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते, ढग बनतात आणि वाफेत साठलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते. खाली दाब कमी होतो आणि ती पोकळी भरायला चारी बाजूंनी वारे धावतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने हे वारे सरळ न येता वळतात. आपल्या उत्तर गोलार्धात त्यांची फिरकी घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. जपान, फिलिपाइन्सकडे यालाच टायफून म्हणतात, अमेरिकेकडे हरिकेन. जात एकच.

वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत पोचला की आपले हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते आणि नाव देते. ताशी २२२ किलोमीटरच्या पुढे गेले तर ते महाचक्रीवादळ. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर आदळले ते असे होते. त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली.

जमिनीवर आले की वादळाला वाफेचा पुरवठा तुटतो, डोंगर-झाडांचा अडथळा होतो आणि वारा मंदावतो. पण ढगांत भरलेले पाणी कुठे जाणार? ते वाटेत पडत जाते. आपल्यासाठी वादळ म्हणजे वारा नव्हे, पाणी.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'गुलाब'. हे नाव पाकिस्तानने सुचविलेल्या यादीतले. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ते आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर. किनाऱ्यावर त्याचा वेग ताशी ७५ ते ८५ किलोमीटर, म्हणजे चक्रीवादळांत ते लहानच. दुसऱ्या दिवशी त्याचा जोर ओसरला, परंतु उरलेले कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकले. २७ आणि २८ सप्टेंबरला मराठवाड्यावर पावसाचा कहर झाला. मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत अडकलेल्या लोकांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरने काढावे लागले. तोच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरला, तेथे पुन्हा ऊब मिळाल्याने 'शाहीन' नावाचे नवे वादळ झाला आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर जाऊन धडकला. त्याच्या आधीच्या वर्षी, १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आलेली प्रणाली तर वादळाच्या दर्जालाही पोचली नव्हती, तिला नावसुद्धा नव्हते. तरी तिने सोलापूर-उस्मानाबादकडे हाहाकार केला. तेव्हा रेडिओवर "वादळाचा जोर ओसरला" असे ऐकले म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता आरोग्याचे पाहू.

पहिल्या दिवशी माणसे मरतात ती बुडून. पुलावरून गुडघाभर पाणी जोरात वाहत असेल तर धडधाकट माणसाचाही पाय उचलला जातो. मोटारसायकल तर सहज वाहून जाते. "रोजचा रस्ता आहे" हे कारण त्या दिवशी चालत नाही. ओल्या भिंतीवरचे विजेचे बटण आणि शेतात पडलेली तार यांनाही हात लावू नये.

बिळात पाणी शिरल्याने साप घराकडे, गोठ्याकडे आणि सोयाबीनच्या बनीमकडे येतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बहुधा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे अशी सुरुवात दिसली तर साप पाहिला नसला तरी तडक दवाखाना गाठावा. खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपणे हा साधा, उत्तम उपाय. दंश झाल्यास करकचून बांधू नये, चिरू नये, चोखू नये. हात किंवा पाय हलू न देता, जेथे सर्पविषावरची लस आहे अशा सरकारी रुग्णालयात न्यावे. मंदिरात नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जुलाब-उलट्या सुरू होतात, आणि येथे मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. पुराचे पाणी शेतातून, उकिरड्यावरून, संडासाच्या खड्ड्यावरून येऊन आडात, विहिरीत उतरते. ओटा फुटलेल्या हापशाचेही तेच. पाणी चार दिवसांनी नितळ दिसू लागते आणि लोक निश्चिंत होतात. जंतू मात्र नितळ पाण्यातही असतात.

विहिरीत टीसीएल पावडर अंदाजाने फेकून काही होत नाही. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणावे, ४ ने भागावे. येतील तितके घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर पाणी. समजा व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर, तर सुमारे ६३ हजार लिटर. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे येथे साधारण १६० ग्रॅम. पावडर जुनी असेल किंवा पाणी गढूळ असेल तर एवढ्याने भागत नाही, दुप्पटही लागते. बादलीत पावडर कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यावा, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी आणि दोराने खालीवर करून ढवळावे. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. तासाभराने ओटी चाचणी करावी. पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे, न आल्यास पुन्हा पावडर टाकावी. पावडरचे पोते उघडे राहिले की तिचा दम निघून जातो. ग्रामपंचायतीच्या खोलीत तोंड उघडे असलेली पोती मी पाहिली आहेत, त्या पावडरीचा उपयोग भिंत रंगवण्यापुरता. घरी पिण्याचे पाणी गाळून खळखळून उकळावे, हे पंधरा दिवस तरी चुकवू नये.

जुलाब लागले तर पहिले औषध जलसंजीवनी. पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. लहान मुलांना अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक १४ दिवस द्यावे. तांदळाच्या पेजेसारखे पातळ जुलाब सारखे होत असतील, लघवी बंद असेल किंवा मूल सुस्तावले असेल तर घरी थांबू नये. कावीळ मात्र उशिरा येते, तीन ते सहा आठवड्यांनी, जेव्हा पूर सगळे विसरलेले असतात. गर्भवतीला ही कावीळ फार धोक्याची.

दुसऱ्या आठवड्यातला आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून याचे जंतू चिखलात येतात व पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. आपल्याकडे पाणी ओसरले की लगेच तेच पाणी तुडवीत सोयाबीन काढायला बायामाणसे उतरतात. पायांना आधीच चिखल्या झालेल्या, बोटांमध्ये भेगा. मग दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल. हा ताप "कामाचा शीण" म्हणून अंगावर काढला जातो आणि कावीळ व मूत्रपिंडावर सूज येईपर्यंत उशीर होतो. लवकर आल्यास साध्या गोळ्यांनी बरा होणारा आजार आहे. डॉक्टरांना "मी पाण्यात काम केले होते" हे आपणहून सांगावे, हे एक वाक्य निदान सोपे करते. शक्य असेल तर गमबूट घालावेत. नसतील तर घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. देवणी जनावरांचे माहेर असलेल्या या भागात गोठ्यात अनवाणी वावरणाऱ्यांनीही हे पाळावे. खिळा-पत्रा लागल्यास धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण-टाक्या रिकाम्या करून कोरड्या ठेवल्या तर डेंगीची साखळी तुटते.

भिजलेले धान्य वाळवून खाण्याचा मोह होतो. बुरशी धरलेली ज्वारी, शेंगा किंवा मका माणसाला देऊ नये, जनावरालाही नको.

शेवटचा आजार लघवी-रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. कर्ज काढून पेरलेले एका रात्रीत वाहून गेलेल्या माणसाची झोप उडते, जेवण तुटते, तो बोलेनासा होतो. महिनाभरानंतरही असे राहिले, किंवा "माझ्यानंतर पोरांचं बघा" असे शब्द निघू लागले, तर त्याला एकटे सोडू नये आणि घरातले कीटकनाशक कुलपात ठेवावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.