झेरमाट

झेरमाट : दक्षिण स्वित्झर्लंडच्या व्हॅले कँटनमधील जगप्रसिद्ध गिरिस्थान व स्कीइंगचे केंद्र. लोकसंख्या सु. ५,८००. हे मॅटरहॉर्न शिखराच्या (४,४७८ मी.) पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सु. १,६०० मी. उंचीवर वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे पशुपालन व तुटपुंजी शेती यांवर जगणारे खेडे होते. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाच्या तुकडीने मॅटरहॉर्न प्रथमच सर केले. परंतु उतरताना दोर तुटून सातांपैकी चौघे मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेने गावाची कीर्ती कमी न होता वाढलीच. तो दोर येथील संग्रहालयात पाहावयास मिळतो.

आलेक्झांडर झायलर याने १८५० नंतर येथील हॉटेल व्यवसायाचा पाया घातला. तथापि परगावच्या या माणसास गावकीचे हक्क देण्यास ग्रामस्थांनी अनेक वर्षे नकार दिला. गावकीने १८७९ मध्ये स्वतःचे हॉटेल काढले. व्हिस्पहून येणारा लोहमार्ग १८९१ मध्ये व गोर्नरग्राटपर्यंत (३,०८९ मी.) चढणारी दातेरी रुळांची विद्युत् रेल्वे १८९८ मध्ये सुरू झाली. स्कीइंगचे वैभव मात्र उशिराचे. हिमलोटांमुळे हिवाळ्यात बंद राहणारा लोहमार्ग १९३० च्या दशकात बारमाही झाला, तेव्हा कोठे हिवाळी हंगाम स्थिरावला.

गावात खाजगी मोटारींना मज्जाव आहे. पर्यटक सु. ५ किमी.वरील टेश येथे मोटार ठेवून आगगाडीने येतात. गावात विजेवर चालणारी छोटी वाहने व क्वचित घोडागाड्या दिसतात. शांतता व स्वच्छ हवा हेच या महागड्या गावाचे खरे भांडवल होय आणि ते किती नाजूक आहे, हे १९६३ मध्ये दिसून आले. पाणीपुरवठा दूषित होऊन ऐन हंगामात विषमज्वराची साथ उद्‌भवली. चारशेहून अधिक लोकांना लागण झाली व तिघे दगावले. साथीची वार्ता वेळीच जाहीर न झाल्याने अनेक पाहुणे रोग घेऊनच मायदेशी परतले. हंगाम बुडण्याची धास्ती त्या विलंबाच्या मुळाशी होती, अशी टीका तेव्हा झाली.

क्लाइन मॅटरहॉर्नवर (३,८८३ मी.) १९७९ पासून रज्जुमार्गाने जाता येते. एवढ्या उंचीवर विरळ हवेमुळे धाप लागते, म्हणून तेथे सावकाश चालणे इष्ट. शेजारच्या थेओडूल हिमनदीवर उन्हाळ्यातही स्कीइंग चालते. मात्र जुलै २०२२ मध्ये अति उष्म्यामुळे बर्फ वितळून ते काही काळ थांबवावे लागले. खिंडीपलीकडे इटलीतील चेर्व्हीन्या हे गाव असून दोहोंच्या घसरवाटा परस्परांशी जोडलेल्या आहेत. घसरत पलीकडे गेलेल्यास शेवटची पाळणागाडी चुकली, तर परतीस मोठा वळसा पडतो.