हृच्छूल की अम्लपित्त?

रात्रीच्या जेवणानंतर उरात जळजळ, घाम आणि अस्वस्थता घेऊन आलेला पन्नाशीतील रुग्ण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. अशा वेळी हात सहजच सूतशेखराकडे जातो. धोका नेमका तेथेच आहे.

हृदयाच्या रक्तवाहिनीत साचलेला मेदाचा थर वर्षानुवर्षे लक्षणरहित राहू शकतो. तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते, प्रवाह थांबतो आणि सुमारे २० मिनिटांनंतर हृदयाच्या पेशी मरू लागतात. म्हणूनच काल जिना सहज चढलेला मनुष्य आज कोसळतो. धूम्रपान, मधुमेह व उच्च रक्तदाब ही या थराची प्रमुख कारणे. कफपित्ताने अवरुद्ध वायू हृदयी शूल व श्वासावरोध उत्पन्न करतो, हे सुश्रुताचार्यांचे उत्तरतंत्रातील वर्णन येथे आठवते. दोन्ही अवस्था एकच, असा आग्रह मात्र नसावा. मधुमेही रुग्णात तर शूल नसूही शकतो.

संशय येताच ई.सी.जी. काढावा, पहिला आलेख निर्दोष आला तरी निश्चिंत राहू नये. रुग्णास चालवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून त्वरित हृदयोपचार केंद्रात पाठवावे. सुश्रुतांनी हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. अर्जुन, पुष्करमूल यांचा विचार रुग्ण परतल्यावर, त्याची चालू औषधे पाहूनच करावा.