नागपुरात लिहिले गेलेले समुद्रशंख

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. पण रिसोडकडून वाहणारी पैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि प्राणहिता, गोदावरी असे करत तिचे पाणी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात जाते. वाशीमखाली आहे तोच काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बसाल्ट, राजमहेंद्रीपाशी पुन्हा वर येतो. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये समुद्री गोगलगायींचे शंख दगड होऊन पडले आहेत. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. त्यांतल्या कित्येक जातींचे पहिले वर्णन ज्यांनी लिहिले, ते गृहस्थ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, नागपुरात राहत होते.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा, धर्मप्रचार आणि उरलेल्या वेळात दगड, असा त्यांचा दिनक्रम. नागपूरजवळच्या टाकळीला जुन्या तळ्यांचे थर त्यांना सापडले. तिथले शंख गोड्या पाण्यातले होते, राजमहेंद्रीचे खाऱ्या आणि मचूळ पाण्यातले. १८६० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात त्यांनी या सगळ्यांची वर्णने छापली, तीही लॅटिनमध्ये. टरिटेला प्रीलाँगा हा लांब, निमुळता समुद्रशंख आणि सेरिथियम स्टॉडर्डी ही नावे तेव्हापासून विज्ञानात आहेत.

एका शंखाचे वर्णन करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आधी त्याला दगडातून सोडवायचे. पुष्कळदा शंख विरघळून गेलेला असतो आणि आत भरलेल्या गाळाचा साचाच हाती लागतो. मग पृष्ठभागावरची नक्षी कायमची गेली. नमुना बरा असेल तर टोक वर आणि तोंड आपल्याकडे येईल असा धरायचा. तोंड उजवीकडे आले तर शंख उजवा, डावीकडे आले तर डावा. बहुतेक गोगलगायी उजव्या असतात. (देवघरात मानाने ठेवला जाणारा दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख या मोजणीत डावा ठरतो, कारण आपण तो उलट धरून पाहतो.) नागपूरच्या तळ्यांतली फायसा प्रिन्सेपी ही गोगलगायही डावीच. मग वेढे मोजायचे, दोन वेढ्यांमधली शिवण खोल आहे की उथळ हे पाहायचे, उभ्या-आडव्या रेघा, तोंडाची कड, लांबी-रुंदी टिपायची. हे सगळे झाले तरी काम अर्धेच झालेले असते. आजवर नोंदलेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ताडून हा शंख कशात वेगळा, ते सांगता आले पाहिजे.

इथे खरी कसोटी लागते. फायसा प्रिन्सेपीचे शंख कुठे लांबट, कुठे फुगीर मिळतात. तिला शंख-अभ्यासक सोवर्बी यांनी १८४० मध्येच नाव दिलेले होते. हिस्लॉप यांनी प्रत्येक आकाराची नवी जात केली नाही. एकाच जातीचे प्रकार म्हणून ते नोंदवले. नवे नाव देण्यापेक्षा न देण्याचा हा निर्णय अधिक अवघड असतो आणि चांगला अभ्यासक तिथेच ओळखू येतो.

आज नियम कडक आहेत. २००० सालापासून नव्या जातीचा प्रमाण नमुना जाहीर करावाच लागतो. जिवंत गोगलगाय असेल तर शंखावर भागत नाही. आंबोलीच्या जंगलातल्या वराडिया आंबोलिएन्सिस या अर्धशंखी गोगलगायीचे वर्णन अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि बेन रोसन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. अशा प्राण्याचा शंख इतका लहान असतो की अंग त्यात मावतच नाही. त्यामुळे विच्छेदन करून प्रजननसंस्था रेखाटणे आणि जिभेवरचे सूक्ष्म दात तपासणे यावाचून ओळख पटत नाही. हिस्लॉप यांच्याकडे यातले काही नव्हते. जीवाश्मात मऊ अंग उरतच नाही, म्हणून जे दिसत होते ते त्यांनी काटेकोर लिहिले.

१८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. शंख लंडनच्या संग्रहालयात राहिले. २००८ मध्ये अमेरिकी अभ्यासक जोसेफ हार्टमन आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातल्या जातींची ती लॅटिन वर्णने इंग्रजीत आणून पुन्हा तपासली. दीडशे वर्षांनंतरही कामाला त्याच ओळींपासून सुरुवात करावी लागली.

वाशीमकडे विहीर खणताना काळी माती, मुरूम आणि मग कठीण खडक लागतो. कधी दोन खडकांच्या मध्ये तांबडा किंवा पांढरट मऊ थर येतो. तो मलब्यात टाकण्याआधी एकदा हातात घेऊन फोडून पाहा. शंखासारखे काही दिसले तर गाव, विहीर आणि खोली लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. जागेची नोंद नसलेला शंख कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला उपयोगी पडत नाही.