दगड झिजला, चुना राहिला!

दोस्तांनो, चपला झिजतात, खोडरबर झिजतं, देवळाचा उंबरासुद्धा झिजतो. पण किल्ल्याची भिंत झिजलेली पाहिलीय कधी?

मग चला दिघीला! श्रीवर्धन तालुक्यातलं हे बंदर राजपुरी खाडीच्या काठावर आहे. आगरदांड्याहून फेरीबोटीत बसलं की खाडी ओलांडून थेट दिघी. खाडीच्या तोंडाशी जंजिरा, आणि त्याच्या पलीकडे मुरूडसमोरच्या समुद्रात पद्मदुर्ग. शिवाजी महाराजांच्या काळातला हा किल्ला. त्याच्या तटापाशी गेलात तर चकित व्हाल. दगड झिजून आत गेलेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र जागच्या जागी!

एवढा टणक दगड झिजवला कुणी? मिठानं! खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं. त्याचे स्फटिक वाढतात, आतून रेटा देतात आणि दगडाचा एकेक कण सुटतो.

लाटाही गप्प बसत नाहीत. वाळू आणि गोटे उचलून त्या खडकावर घासतात. हे 'अपघर्षण'. गोटे एकमेकांवर आपटून स्वतःही गोल होतात. हे 'सन्निघर्षण'. चंदन उगाळताना सहाणही थोडी झिजतेच ना?

श्रीवर्धन तालुक्यातच हरिहरेश्वर आहे. तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेले खळगे आणि कपारी दिसतात. तिथला काळा बसाल्ट खडक सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, पण समुद्रापुढे त्याचंही काही चालत नाही. मात्र तिथे जायचं ते ओहोटीलाच, मोठ्या माणसांबरोबर.

आता गंमत ऐका. 'झिजणे' हा शब्दसुद्धा झिजूनच आपल्यापर्यंत आलाय! संस्कृतात 'क्षीयते' म्हणजे कमी होतं. प्राकृतात त्याचं झालं 'झिज्जइ' आणि मराठीत 'झिजणे'. 'क्ष'चा 'झ' झाला. 'क्षरति'वरून 'झरणे' आलं, तेही असंच. क्षय आणि क्षीण ही झिजेची सख्खी भावंडं.

घरी एक प्रयोग करा. खडीसाखरेचे टोकदार खडे झाकणाच्या डब्यात घाला आणि पाच मिनिटं जोरात खळखळवा. खड्यांची टोकं गेलेली आणि तळाशी भुकटी साठलेली दिसेल. हेच सन्निघर्षण! निरीक्षण वहीत लिहा आणि मगच साखर खा.