पाणी साचतं तिथे काय लावाल?

परसातल्या कोपऱ्यात पावसाळाभर पाणी साचतं आणि लावलेलं प्रत्येक रोप कुजतं? पाण्यापेक्षा मुळांना हवा न मिळणं त्यांना जास्त भोवतं. अशा जागी ओढ्याकाठची झाडं लावा. ऐसपैस जागा असेल तर अर्जुन; त्याची पांढुरकी, गुळगुळीत साल पापुद्र्यांनी सुटते तेव्हा काय देखणा दिसतो! घराजवळ तामण. आपलं राज्यफूल, एप्रिल-मेमध्ये जांभळ्या तुऱ्यांनी झाड भरून जातं. माझा जीव मात्र निवरावर, म्हणजे समुद्रफळावर. लोंबत्या माळा रात्री उमलतात, सकाळी खाली केसराळ फुलांचा सडा! करंज, जांभूळही चालतात. रोप मातीच्या उंचवट्यावरच लावा. खोलगट आळ्यात लावून पहिल्याच आषाढात दोन रोपं घालवलीत मी.